वीणा कुणाच्या गळ्यात? : संघाची गोष्ट पडद्यावर येते तेव्हा

आजचा विषय आहे सुपरहिरोंच्या संघाची कॉमिकमधली गोष्ट आणि तिचा सिनेमा. नातेपुत्यात याचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण संघ कसा चालतो, हे ज्या गावात दरवर्षी माउलींची पालखी मुक्कामाला येते त्या गावाला मी सांगायला नको. दिंडीत टाळकरी असतात, पखवाजवाला असतो, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात आणि एक विणेकरी असतो. पण वीणा ही काही त्याची मालमत्ता नसते. ती खाली ठेवायची नाही. एक थकला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. संघाच्या गोष्टीचंही तसंच. भार फिरता हवा. म्हणून असं रूपांतर बघताना मी एकच गोष्ट तपासतो: वीणा कुणाच्या गळ्यात दिली, आणि ती पुढे गेली का?

उदाहरण घेऊ ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’चं. ही एक्स-मेनची कथा 1981 साली फक्त दोन अंकांत आली. क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांची. भविष्यकाळ उद्ध्वस्त झालेला आहे, सेंटिनल नावाचे यंत्रमानव म्यूटंट लोकांना वेचून मारतात. जे थोडे उरलेत ते ठरवतात की आपल्यातल्या एकीचं मन भूतकाळात पाठवायचं आणि एक राजकीय हत्या थांबवायची, म्हणजे पुढचा अनर्थ टळेल. पाठवतात कुणाला? किटी प्राईडला. भूतकाळातली किटी म्हणजे जेमतेम तेरा वर्षांची पोर, संघात नुकतीच आलेली. आणि तिलाच का? तर तिचं प्रशिक्षण झालेलं नाही, मनाभोवती अजून तटबंदी उभी नाही, म्हणून मोठेपणीची किटी तिच्यात शिरू शकते. लक्षात घ्या, तिचं कच्चेपण हीच तिची पात्रता आहे. बाकीच्या दिग्गजांना या पोरीच्या तोंडून येणाऱ्या अशक्य गोष्टीवर विश्वास ठेवावा लागतो. माझ्या मते कथेचं खरं नाट्य तिथे आहे. सर्वांत लहान माणसाचं म्हणणं संघ ऐकतो की नाही?

2014 साली ब्रायन सिंगरनी याचा सिनेमा केला. त्यात भूतकाळात जातो वुल्व्हरिन. किटी आहे, पण ती त्याच्या उशाशी बसून त्याला पाठवण्याचं काम करते. कारण दिलंय की इतक्या मागे जाण्याचा ताण फक्त त्याचाच मेंदू सोसेल, कारण त्याच्या जखमा आपोआप भरतात. म्हणजे कॉमिकमध्ये जी निवड दुर्बलतेमुळे झाली, ती सिनेमात बळामुळे झाली. आता बाजू मांडायची तर मांडता येते. सिनेमा 1973 सालात जातो, तेव्हा किटीचा जन्मही झालेला नाही. शिवाय ह्यू जॅकमनला लोक 2000 सालापासून बघत होते, तिकीट त्याच्या नावावर खपतं. हे सगळं मान्य. पण 1973 हे साल कुणी आकाशातून टाकलं नव्हतं, ते सिनेमावाल्यांनीच निवडलं. आधी दार बंद करायचं आणि मग म्हणायचं, काय करणार, आत येता येत नाही!

तरीही हा सिनेमा मी वाईट म्हणणार नाही. कारण शेवटी वीणा खरंच फिरते. वुल्व्हरिन निर्णायक क्षणी पाण्याच्या तळाशी पडलेला असतो. बंदूक असते मिस्टिकच्या हातात. प्रोफेसर झेवियर तिच्या मनाचा ताबा घेऊ शकतो. तो घेत नाही, तिला सोडून देतो आणि निर्णय तिचा तिला करू देतो. कॉमिकमध्ये मिस्टिक ही थांबवायची शत्रू होती. इथे ती थांबणारी माणूस आहे. ही भर सिनेमाची स्वतःची आहे आणि ती मूळ कथेच्या तोडीची आहे. नुकसान आहे ते दुसरीकडे: कॉमिकच्या शेवटी भविष्य टळलं की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि सिनेमात नायक जागा होतो तेव्हा सगळं गोड झालेलं असतं.

‘डार्क फिनिक्स’चं मात्र दोनदा हसं झालं, 2006 साली आणि 2019 साली. त्यावर फार बोलत नाही. कारण एकच सांगतो. जीन ग्रेचं अधःपतन वाचकांनी काही वर्षं, महिन्यामागून महिना पाहिलं होतं. ओळख झाली, जीव जडला, मग ती गेली. दोन तासांत हे सगळं उरकायचं म्हटलं की मरण तेवढं दिसतं, माणूस दिसत नाही.

आपल्याकडे याचा अनुभव आहे का? आहे. ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991 पासून वर्तमानपत्रात येऊ लागली. त्या पोरांकडे अतिमानवी शक्ती कसली आलीय? पण टोळी आहे: पप्पू, मिनी, बगळ्या, राजू. रोज तीन-चार चौकटी, आणि रोज वीणा वेगळ्याच गळ्यात. आज चिंटू जिंकतो, उद्या मिनी त्याचा पोपट करते. 2012 साली श्रीरंग गोडबोले यांनी सिनेमा केला, तेव्हा अडचण तीच आली. चौकटीत एक विनोद पुरतो, सिनेमाला संकट लागतं. म्हणून मैदान हातचं जातं आणि पोरं ते परत मिळवायला उभी राहतात. संकटाची निवड मला योग्य वाटते. मैदान एकट्याचं नसतं. ते वाचवायचं तर सगळेच लागतात. यंत्रमानवांच्या सिनेमाला जे अवघड गेलं ते इथे विषयातच बसलेलं होतं.

हे सगळं का महत्त्वाचं? कारण या कथा बघणारं पोरगं घरात, वर्गात बहुतेक वेळा वुल्व्हरिन नसतं. ते किटी असतं: सगळ्यात लहान, नवीन, ज्याचं कुणी ऐकत नाही असं. कॉमिक त्याला सांगत होतं, तुझ्याकडेही वीणा येईल. सिनेमा म्हणतो, तू उशाशी बस, मोठे बघून घेतील. हा फरक मला लहान वाटत नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी मराठीत अशी टोळी पडद्यावर आणली, तर नायक कोण हे नंतर ठरवा. सर्वांत लहान पात्राच्या हातात कोणता निर्णय आहे, ते आधी लिहा.

आता प्रश्न घेऊ.