मळ निघाला, पण कानाचं काय?

मानकं वाचताना आपण एक चूक हमखास करतो. त्यात काय लिहिलंय ते टिपतो, पण काय मोजायचं राहिलंय ते बघत नाही. उदाहरण म्हणून ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची प्रौढांमधल्या श्रवणदोषाबद्दलची २०१८ ची मार्गदर्शिका (एनजी ९८) घेऊ. तिच्यात कानातला मळ काढण्याबद्दल मोजक्याच शिफारशी आहेत आणि त्या वस्तीतल्या छोट्या कान-केंद्रांनाही लागू होतात.

आधी चांगलं काय ते. हाताने सिरिंज दाबून पाणी मारायचं नाही, हे स्पष्ट सांगितलंय. पाणी सोडणारं विजेवरचं यंत्र, मायक्रोसक्शन किंवा दुसरी पद्धत वापरायची, तर तिचं प्रशिक्षण हवं, ती कुणावर वापरू नये हे माहीत हवं आणि योग्य उपकरण हवं. पाण्याने कान धुण्याआधी मळ मऊ करणारं औषध घालायचं. दुसऱ्या प्रयत्नातही जमलं नाही, तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. हा नियम मला सगळ्यांत आवडतो, कारण कुठे थांबायचं ते तो सांगतो.

आता शब्द बघा. सिरिंजला 'करू नका', पण बाकी पद्धतींना नुसतं 'विचार करा'. 'नाइस'च्या भाषेत याचा अर्थ, फायद्याचा पुरावा तितकासा भक्कम नाही. 'प्रशिक्षण' म्हणजे किती, हे शिफारशीत नाही. पडद्याला भोक असेल तर पाणी मारू नये, ही साधी गोष्टसुद्धा तिथे लिहिलेली नाही. ती करणाऱ्याच्या माहितीवर सोडलीय.

मी यावरून चेकलिस्ट केली होती. प्रशिक्षण? हो. यंत्र? हो. औषध? हो. गाइडनी वाचून एवढंच विचारलं, "पेशंट घरी गेल्यावर काय झालं?" माझ्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता!

डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासायला तीन बाजू मांडल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. प्रशिक्षण आणि यंत्र ही रचना, औषध आणि दोन प्रयत्न ही प्रक्रिया. ऐकू येणं सुधारलं का, नंतर कान दुखला किंवा वाहिला का, पडद्याला इजा झाली का, हे परिणाम. माझ्या यादीत पहिल्या दोनच बाजू होत्या, आणि अशा यादीत धोकादायक केंद्रसुद्धा पूर्ण गुण मिळवून जाईल.

म्हणून तुमची प्रश्नावली घेऊन बसा. प्रत्येक प्रश्नापुढे र, प्र किंवा प लिहा. 'प' एकदाही आला नाही, तर फील्डवर जायची घाई करू नका.