चर्मण्वतीची दोन मुले

कायद्याच्या दृष्टीने चित्र आणि मूर्ती ह्यांत अंतर फारसे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे चौदावे कलम असे सांगते की, सपाट आकृतीला खोली देऊन ती घडीव केली तरी ते त्याच कृतीचे पुनरुत्पादन होय. आणि मूर्तीवरून चित्र काढले तरी तेच. न्यायालयात हे सूत्र सोयीचे आहे. उचलेगिरी पकडण्यास तर उत्तमच. परंतु तेच सूत्र घेऊन कोणी कलेच्या प्रांतात शिरला, तर त्याची फसगत होते असे आमचे मत आहे. कल्पित पात्रांच्या मूर्ती आज ज्या रीतीने घडतात ती पाहता, ही फसगत आता सार्वत्रिक होऊ लागली आहे.

ती रीत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कोणी राक्षस, कोणी यक्षिणी, कोणी पंखधारी योद्धा चित्रपटासाठी, संगणकावरील खेळासाठी किंवा नुसत्या हौसेखातर कल्पिला जातो. प्रथम त्याची रेखाटने होतात. मग झेडब्रशसारख्या संगणकीय साधनात मातीचा म्हणून एक गोळा घेतात आणि तो लेखणीने ओढतात, दाबतात, कोरतात. ह्या मातीला वजन नाही. ती वाळत नाही, तिला तडा जात नाही. डावा गाल घडवला की उजवा आपोआप घडतो. पात्र पोकळीत तरंगत असते. त्याच्या पायांखाली जमीन असावीच असा कोणाचा आग्रह नसतो. चुकले तर एक कळ दाबली की झाले. पुढे त्रिमितीय छपाईचे यंत्र ती आकृती राळेच्या पातळ थरांनी उभी करते, आणि तेथे प्रथमच त्या पात्राची पृथ्वीशी गाठ पडते. पसरलेल्या पंखांना छपाईपुरत्या आधाराच्या काड्या द्याव्या लागतात, पोट पोकळ करावे लागते, हात निराळा छापून खाचेत बसवावा लागतो. थरांच्या रेघा कानशीने आणि पॉलिशपेपरने घासून काढाव्या लागतात. आणि घासताना ओठाची कड किती बोथट होऊ द्यावी हे संगणक सांगत नाही, घासणारा ठरवतो. त्या घासणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोठे येत नाही.

तेव्हा प्रश्न असा की, ज्या पात्राला कोणीही कधी पाहिलेले नाही त्याचे रूप अखेर ठरवते कोण? पडद्यावरील रेषा, की ज्या द्रव्यात ते उतरते ते द्रव्य?

उत्तरासाठी आम्हांला फार दूर जावे लागत नाही. आमच्या राऊवरून मुंबईचा जुना रस्ता महूकडे, म्हणजे आजच्या डॉ. आंबेडकरनगराकडे जातो; तसेच पुढे मानपूरच्या बाजूस गेले की जानापावची टेकडी लागते. चंबळ नदीचा उगम तेथला. कोकणातील वाचकांना ह्या टेकडीविषयी थोडा आपलेपणा वाटावा. कारण ज्या परशुरामाने समुद्र हटवून त्यांची भूमी काढली म्हणतात, त्याचा जन्म जानापावला झाला अशी इकडील लोकांची श्रद्धा आहे. चंबळेला प्राचीनांनी चर्मण्वती म्हटले. रंतिदेवाच्या यज्ञातील पशूंच्या कातड्यांपासून ती निघाली अशी कथा सांगितली. कालिदासानेही आपल्या मेघाला ह्या नदीपाशी रंतिदेवाच्या कीर्तीची आठवण करून दिली आहे. पात्र जुने खरे. पण गंगेच्या मकराइतकी किंवा यमुनेच्या कासवाइतकी ओळखीची खूण त्याला नाही.

ह्या नदीवर मंदसौर जिल्ह्यात गांधीसागर धरण झाले. १९६० साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास तेथे चंबळदेवीची पंचेचाळीस फुटी मूर्ती उभी राहिली. मूर्तिकार राम वनजी सुतार. ह्याच मुंबई रस्त्याने सातपुडा उतरून गेले की धुळे लागते. त्या जिल्ह्यातील गोंदूर हे त्यांचे गाव. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर त्यांनी पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. २०२५ च्या डिसेंबरात, शंभरी गाठून, ते निवर्तले.

सुतारांनी कातड्यांची कथा बाजूस ठेवली आणि नदीला आई केली. तिची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान; पाणी दोघांनी वाटून घ्यावयाचे. कल्पना सरकारी प्रसंगाला शोभणारी, आणि कागदावर तर अगदी बेताचीच. एखाद्या पोस्टरावर ती कोणी काढली असती तर आम्ही तिच्याकडे वळूनही पाहिले नसते. परंतु ही मूर्ती काँक्रीटच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली आहे, आणि आमच्या मते सारा फरक तेथेच पडतो. काँक्रीट म्हणजे पाषाण नव्हे. त्याला दगडाच्या शिरा नाहीत, पोटात खडी आहे. दाब ते सोसते, ताण सोसत नाही. लांब पसरलेला हात, वाऱ्यावर उडणारा पदर असले लाड ते चालवून घेत नाही. त्यामुळे मुलांना आईच्या देहापासून फार दूर जाता येत नाही. ती तिच्याच ठोकळ्याची आहेत. पडद्यावर हेच पात्र घडवताना आई एक वस्तू आणि मुले दोन वस्तू अशा तीन आकृती करून त्या शेवटी जुळवल्या असत्या. येथे जुळवणी नाही. आधी एकपण आहे आणि त्यातून छिन्नीने तिघे मोकळे केले आहेत, तेही पुरते नव्हेत. जी गोष्ट मूळ कल्पनेत नुसती घोषणा होती, ती द्रव्याने खरी केली. वेरूळच्या कैलासाशी ज्याचा हात परिचित, त्याला हे उमगले ह्यात नवल नाही.

ह्याच मूर्तिकाराचे गुजरातेतील सरदार पटेलांचे शिल्प, जे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुले झाले, ते नेमक्या उलट मार्गाने झाले. तीस फुटी प्रतिमेचे मोजमाप संगणकाने घेऊन ती १८२ मीटरपर्यंत वाढवली. धोतर नेसलेला, चपला घातलेला माणूस खाली बारीक आणि वर रुंद. इतक्या उंचीवर हे प्रमाण वाऱ्यापुढे अवघड. पण रूप बदलले नाही. आत काँक्रीटचे गाभे उभारले, डोलणे आवरण्यासाठी अडीचशे टनांची दोन वजने बसवली. द्रव्याने हरकत घेतली आणि ती फेटाळली गेली. हे योग्यच झाले. पटेलांचा चेहरा छायाचित्रांतून लोकांच्या ओळखीचा. तेथे मूर्तिकार साक्षीदारांना बांधलेला असतो. कल्पित पात्राला साक्षीदार नाही. त्याच्या बाबतीत द्रव्याची हरकत फेटाळणे म्हणजे हजर असलेल्या एकमेव साक्षीदाराला बोलू न देणे होय.

गोव्यातील पोरे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा करतात, तेव्हा त्याचा उगारलेला हात किती वर जाईल हे आतला सांगाडा ठरवतो, आणि त्या अडचणीतूनच त्याचा आवेश येतो. पहाटे तो जळून जातो ही गोष्ट वेगळी. संगणकाच्या साधनाशी आमचे वैर नाही, आराखडा लागतोच. आमची तक्रार एवढीच की, पडद्यावर पात्र पुरे झाले असे मानले जाते आणि पुढील सर्व काम हमाली ठरते. ज्याने ओठाची कड राखली त्याची गणना कारागिरांत; ज्याने ती वजन नसलेल्या मातीत ओढली तो कर्ता.

चौदावे कलम ह्या समजुतीला पाठबळ देते हे खरे. परंतु त्याच कायद्यात बावन्नावे कलमही आहे. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या मूर्तीचे चित्र किंवा छायाचित्र करण्यास ते मोकळीक देते. तिची घडीव प्रत करण्यास मात्र ती मोकळीक नाही. म्हणजे गांधीसागरच्या आईचे चित्र कोणीही काढावे, पण तिचे मोजमाप घेऊन हातभर उंचीची राळेची प्रत छापू पाहणाऱ्याला ह्या कलमाचा आसरा मिळणार नाही. सपाट आणि घडीव ह्यांत भेद आहे, हे कायद्याच्या त्या कोपऱ्यात कोणाला तरी ठाऊक होते. तेथून चौदाव्या कलमापर्यंत ते ज्ञान अजून पोहोचलेले नाही.