हौशी, गंभीर, व्यावसायिक: गळ टाकणाऱ्यांची शिडी आणि तिच्या सैल पायऱ्या

गळ टाकून मासे धरणाऱ्यांमध्ये नुसता हौशी कोण आणि खरा गंभीर कोण? प्रश्न चहाच्या टपरीवरचा वाटतो. पण फावल्या वेळाचं समाजशास्त्र नावाची जी शाखा आहे, तिच्यातली एक मोठी संकल्पना नेमकी याच प्रश्नातून निघाली. हॉब्सन ब्रायन या अलाबामा विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये ‘जर्नल ऑफ लेझर रिसर्च’मध्ये ट्राउट मासेमारीवर एक निबंध लिहिला. पुढे गिर्यारोहण, पक्षीनिरीक्षण, नौकाविहार, कशाकशाला ते मोजमाप लावलं गेलं. आज एखाद्या छंदावर प्रबंध करायचा म्हटलं की मार्गदर्शक पहिल्या पाचात हा निबंध वाचायला सांगतात. म्हणून तो जरा उलगडून, आणि थोडा भांडत, वाचू या.

ब्रायन अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या नद्यांवर गेला, काठावरच्या लोकांशी बोलला, त्यांचं निरीक्षण केलं आणि चार प्रकार पाडले. पहिले अधूनमधून येणारे: कसलाही मासा, कशानंही, लागला की खूश. दुसरे सर्वसाधारण: नियमित येणारे, दोन-चार पद्धती जाणणारे, दिवसाची परवानगी असलेले सगळे मासे भरले की समाधानी. तिसरे पद्धतीत मुरलेले: बहुतेक फ्लाय फिशिंगवाले, म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा कीटक हलक्या काठीनं पाण्यावर टाकणारे. चौथे पद्धत आणि जागा दोन्हींत मुरलेले: यांना फ्लायच हवी, आणि पाणीही झऱ्यातून निघणाऱ्या नितळ, संथ ओढ्याचंच हवं, जिथे मासा चोखंदळ असतो आणि चूक माफ करत नाही. या चौथ्यांच्या सुट्ट्या, मित्र, कधीकधी नोकरीचं गावसुद्धा मासेमारीवरून ठरतं.

इथपर्यंत हे वर्णन आहे, आणि चांगलं आहे. कुठल्याही छंदाच्या जगात राहिलेल्या माणसाला हे चार चेहरे ओळखीचे वाटतील. अडचण पुढच्या वाक्यांत आहे. ब्रायन म्हणतो की माणूस काळाबरोबर पहिल्याकडून चौथ्याकडे सरकतो. आणि सरकताना त्याची मूल्यंही बदलतात: मासा घरी नेण्यापेक्षा नदी, निसर्ग आणि मासा सोडून देणं महत्त्वाचं होतं. वर्गीकरणाची अशी शिडी झाली.

आता संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथे पेन्सिल हातात घ्यावी. एका हंगामात काठावर भेटलेल्या वेगवेगळ्या माणसांकडून ‘माणूस काळाबरोबर कसा बदलतो’ हे कसं कळणार? शाळेत एकाच दिवशी पहिलीची आणि दहावीची मुलं बघून आपण म्हणू शकतो की मुलं उंच होतात, कारण पहिलीतली मुलंच दहावीत जातात हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. नदीवर तसं काही ठाऊक नसतं. चौथ्या प्रकारातला माणूस कदाचित वडिलांच्या हातची फ्लायची काठी घेऊनच मोठा झाला असेल, पहिल्या पायरीवर कधी उभाच राहिला नसेल. आणि पहिल्या पायरीवरचा मरेपर्यंत तिथेच मजेत राहील. एका वेळच्या पाहणीतून प्रवासाचा दावा काढणं ही आपल्याकडच्या प्रबंधांतही सर्रास दिसणारी गोष्ट आहे, फक्त आपण तिला ‘टप्पे’ असं भारदस्त नाव देतो.

हा दावा तपासायचा तर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा गाठावं लागतं. क्युएंट्झेल आणि हेबरलाइन यांनी २००६ मध्ये ते काम छापलं. विषय मासेमारीचा नव्हता, लेक सुपिरियरमधल्या अपोस्टल बेटांकडे बोटी घेऊन जाणाऱ्यांचा होता. पण प्रश्न तोच. दोन दशकांहून जास्त काळ त्याच लोकांचा मागोवा घेतल्यावर दिसलं की नेमानं वर चढत जाणारे थोडे. बरेच जिथे होते तिथेच राहिले, काही मागे गेले, काहींनी सोडून दिलं. लग्न, मुलं, गुडघे, नोकरी या गोष्टी शिडीच्या चित्रात नसतात. त्याआधी २००१ मध्ये स्कॉट आणि शेफर यांनीही म्हटलं होतं की पुढे सरकणं हा नियम धरून चालता येणार नाही.

दुसरा मुद्दा नमुन्याचा. काठावर जाऊन मुलाखती घेतल्या की वर्षातून पन्नास दिवस येणारा माणूस, वर्षातून दोन दिवस येणाऱ्यापेक्षा, तुमच्या तावडीत सापडण्याची शक्यता पंचवीसपट असते. याला पुढे आकडेमोडीत दुरुस्ती करता येते, पण आधी ते लक्षात यायला हवं. त्यात जागा प्रसिद्ध ट्राउट नद्यांची. म्हणजे मुरलेल्यांची गर्दी जिथे, तिथेच आपण विचारलं की मुरलेला कोण असतो.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. शिडीच्या वरच्या टोकाला फ्लायवालाच का? ब्रायननं ट्राउट निवडला, आणि ट्राउटच्या जगात ही उतरंड त्याच्या जन्माआधीपासून होती. इंग्लंडमधल्या चुनखडीच्या नितळ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्डनं १८८० च्या दशकात पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचं जवळजवळ धर्मशास्त्रच लिहिलं. बुडणारी फ्लाय वापरणं काहींना पाप वाटे, आणि जी. ई. एम. स्क्यूजनं तीच बुडणारी फ्लाय मांडली तेव्हा वाद दशकानुदशकं चालला. इंग्रजीत सॅमन-ट्राउट हे ‘शिकारीचे’ मासे आणि बाकीचे ‘जाडेभरडे’. पहिल्यांच्या काठावर जमीनदार, दुसऱ्यांच्या काठावर कामगार. शेफील्ड, लीड्ससारख्या शहरांतल्या कामगारांच्या स्पर्धा घ्या. ठरलेल्या खुंटीवर बसायचं, अळी लावायची, पाच तासांत जाळीच्या पिशवीत किती वजन साठलं ते शेवटी तराजूवर तोलायचं. हे लोक दोऱ्याची जाडी, शिशाच्या दाण्यांची मांडणी, किती अळ्या किती मिनिटांनी टाकायच्या यावर ज्या बारकाईनं बोलतात त्यापुढे पुष्कळ फ्लायवाले कच्चे ठरतील. ब्रायनच्या शिडीवर त्यांना कुठे बसवणार? आमिष जिवंत, उद्देश वजन, जागा शहरातला कालवा. तिन्ही खुणा ‘खालच्या’ पायरीच्या. गांभीर्य मात्र पूर्ण.

म्हणजे ‘विशेषीकरण’ मोजताना आपण अभिरुची मोजत असू, आणि अभिरुचीमागे वर्ग उभा असतो, ही शंका घ्यायला जागा आहे. साधनसामग्रीवरून गांभीर्य मोजायचं ठरवलं तर ती शंका आणखी घट्ट होते. काठीची किंमत माणसाच्या उत्पन्नाबद्दल जास्त सांगते.

व्यावसायिकांकडे वळलं की शिडीची आणखी एक पायरी हलते. अमेरिकेत रे स्कॉटनं १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास माशाची स्पर्धा भरवली, १९६८ मध्ये त्यातून बी.ए.एस.एस. ही संघटना निघाली, आणि १९७१ मध्ये बासमास्टर क्लासिक सुरू झाली. बक्षिसाची रक्कम, प्रायोजक, बोटीवर आणि शर्टावर कंपन्यांची नावं, असा पूर्ण धंदा. आता या व्यावसायिकाचं कसब कशात असतं? अनोळखी तलावावर, दोन-तीन दिवसांत, पाण्याचं तापमान, ढग, वारा, तळ बघून मासा आज कुठे आणि कशाला तोंड लावतोय हे शोधण्यात. त्यासाठी त्याच्या बोटीत वेगवेगळी आमिषं लावलेल्या डझनभर काठ्या तयार असतात. म्हणजे पद्धतीच्या दृष्टीनं तो सर्वसाधारण, ब्रायनच्या दुसऱ्या पायरीवरचा! कौशल्य आणि विशेषीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही. आणि मासा जिवंत सोडण्याचं म्हणाल तर बास स्पर्धांमध्ये तो नियम १९७२ पासून आला. तो आयोजकानं घातलेला नियम होता. प्रत्येक स्पर्धकाच्या मनात निसर्गप्रेम पिकून तिथवर पोचलं असं काही नाही.

रॉबर्ट स्टेबिन्सचा ‘गंभीर फावला वेळ’ हा १९८२ चा सिद्धांत यासोबत वाचा. त्याच्या सहा खुणा आहेत: चिकाटी, टप्प्याटप्प्यानं घडणारी वाटचाल, ज्ञानावर आधारलेले कष्ट, टिकाऊ लाभ, स्वतःची अशी एक मंडळी व तिचे संकेत, आणि ‘मी अमुक करणारा आहे’ ही ओळख. यात साधनं नाहीत, पद्धतीची उतरंड नाही, त्यामुळे शेफील्डचा स्पर्धक इथे आरामात बसतो. माझ्या मते मासेमारीसाठी हे ब्रायनपेक्षा सुरक्षित हत्यार आहे. पण स्टेबिन्सची विभागणी काम आणि फावला वेळ वेगळे धरून सुरू होते. कोकणात खाडीवर गरवायला बसलेला माणूस घ्या. हातात नुसती दोरी आणि गरी, आमिषाला कोळंबी, पण उधाण कधी, भांग कधी, ओहोटी लागल्यावर तांबोशी कुठल्या खडकाआड येते हे त्याला तोंडपाठ. लागलेल्यातला एखादा मासा घरी, जास्त लागले तर शेजारी किंवा बाजारात, आणि काहीच लागलं नाही तरी संध्याकाळ चांगली गेली म्हणणारा. हा हौशी की धंदेवाईक? प्रश्नावलीत दोन चौकोन दिले तर तो एकात खूण करेल, आणि ती खूण चुकीची असेल.

हे सगळं शब्दांचं भांडण आहे असं वाटेल, पण यावर नियम ठरतात. ‘मुरलेला माणूस मासा सोडतो’ हे परिपक्वतेचं लक्षण मानलं की आमिषाला बंदी, फक्त फ्लायला परवानगी, सोडणं सक्तीचं, असे नियम आपोआप शहाणपणाचे वाटू लागतात. खायला एक मासा नेणारा मग अडाणी ठरतो. जर्मनीत मात्र चित्र उलटं आहे. तिथल्या प्राणीसंरक्षण कायद्यानुसार प्राण्याला वेदना द्यायची तर रास्त कारण लागतं. खाण्यासाठी पकडणं हे कारण चालतं. निव्वळ सोडून देण्यासाठी पकडणं अडचणीत येतं. ब्रायनची वरची पायरी तिथे कायद्याच्या नजरेत संशयास्पद. एखादी संकल्पना सीमा ओलांडताच उलटी होत असेल तर ती मानवी स्वभावाबद्दल सांगतेय की एका देशातल्या एका मंडळीबद्दल, हे विचारायलाच हवं.

आपल्याकडचं उदाहरण कावेरीचं आहे, आणि ते कुठल्याच बाजूला सोयीचं नाही. कावेरीतल्या महासीरची कीर्ती जुनी: एच. एस. थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ चं, आणि १९४६ मध्ये धरलेल्या १२० पौंडी माशाची गोष्ट अजून सांगितली जाते. गॅलिबोरच्या कॅम्पवर धरलेले मासे सोडून दिले जात आणि त्यांची नोंद ठेवली जाई. १९९८ ते २०१२ च्या या नोंदी पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांनी २०१५ मध्ये तपासल्या. मासे लागण्याचं प्रमाण वाढत होतं, सरासरी वजन घटत होतं. वाढ निळ्या परांच्या महासीरची होती. या माशाची पिल्लं टाटांच्या वीज कंपनीच्या लोणावळ्याच्या केंद्रात वाढवली जात आणि संवर्धनाच्या चांगल्या हेतूनं देशभर सोडली गेली होती, कावेरीतही. कावेरीचा मूळचा, पाठीवर कुबड असलेला महासीर नोंदींतून जवळजवळ नाहीसा होत होता.

गंभीर अँगलरांच्या शिस्तीमुळे ही विदा मिळाली, हे मान्य. हौशी माणूस पंधरा वर्षं वही भरत नाही. पण त्याच गंभीर मंडळीला शंभराहून जास्त वर्षं ज्या माशाचं वेड होतं, त्याचं शास्त्रीय नाव ‘टॉर रेमादेवी’ आहे हे नक्की व्हायला २०१८ साल उजाडलं. तोवर तो अतिसंकटग्रस्त होण्याच्या उंबरठ्यावर नव्हता, उंबरठा ओलांडून आत होता. गांभीर्यानं वजन अचूक नोंदवलं, कारण मंडळीत मान वजनाला होता.

आणि या वहीत, तशीच ब्रायनच्या चार प्रकारांतही, एक माणूस नाही. कावेरीवरच्या कॅम्पांमध्ये पाहुण्यांना कुठल्या खडकाखाली गळ टाकायचा हे दाखवणारे स्थानिक वाटाडे असत, आणि त्यांच्यातले काही आधी चोरून मासे मारणारे होते. पगार नदीवरून, ज्ञान सगळ्यांत जास्त, फोटोत मासा मात्र पाहुण्याच्या हातात. कुणी या विषयावर प्रस्ताव लिहिणार असेल तर मुलाखतींची यादी त्यांच्यापासून सुरू करावी: कुबडवाला मासा कमी होतोय हे त्यांच्या लक्षात कुठल्या वर्षी आलं, आणि तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का.