‘वावटळ’ : एका नावाचा विचार

व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ (१९६४) ही कादंबरी पुनः वाचताना आम्हांस तिच्या नावापाशीच थबकावे लागले. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींचा खून झाला. खुनी महाराष्ट्रीय ब्राह्मण निघाला. आणि पुढील काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखांत ब्राह्मणांची घरेदारे पेटविण्यात आली. कोठे कोठे माणसेही मारली गेली. आम्हां कळंबेकरांच्या शेजारी, कोल्हापुरात, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्याच आगीत जळाला. भालजींनी तो पुढे नव्याने उभारला.

पुण्याहून गावाकडे निघालेल्या ब्राह्मण तरुणांच्या दृष्टीने माडगूळकर हा सारा प्रकार पाहतात. आक्रोश नाही, सूडाची भाषा नाही. बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतलेल्या आणि स्वतः ब्राह्मण असलेल्या लेखकाने हा तोल सांभाळावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु वावटळ कोणी उठवीत नसते. ती येते, पाचोळा उडविते, निघून जाते. आगी मात्र माणसांनी लावल्या होत्या. निसर्गाचे नाव दिले की कर्ता दिसेनासा होतो. आणि कर्ताच नसेल तर क्षमा मागावी कोणी व करावी कोणी? सावकारीचा, वतनदारीचा, शिवाशिवीचा जुना डंख या आगीमागे होता, असे कोणी म्हणेल. तो होताच, ब्राह्मण घरांतून सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत त्याचा उच्चार क्वचितच होतो, हेही आम्ही मान्य करतो. पण जळाले ते सगळेच काही सावकार नव्हते.

रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले गेले. आमच्याकडील घटनेस तसा वंशसंहार म्हणणे सत्यास सोडून होईल. तथापि मारणारा व मरणाऱ्याचे आप्त एकाच गावात राहणार, हा पेच दोहींकडे सारखाच. तेथे ‘गचाचा’ नामक ग्रामन्यायसभा २०१२ पर्यंत चालल्या. त्यांत एकाच पक्षाचे गुन्हे तपासले गेले, हा आक्षेप रास्त आहे. तरी कृत्याला कर्त्याचे नाव तरी लागले. इकडे कित्येक कुटुंबे मुकाट्याने पुण्यामुंबईस गेली, आणि मागे राहिलेल्या गावानेही तोंड उघडले नाही.

‘वावटळी’चा दोष म्हणून हे आम्ही सांगत नाही. एका लेखकाने आपल्या बाजूची हकीकत प्रामाणिकपणे सांगितली. ज्या घरातून काकडा घेऊन कोणी बाहेर पडला, त्या घराच्या ओसरीवर बसून लिहिलेली, याच तोलाची कादंबरी मराठीत आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही.