बोर्ड कुणाच्या हातात होता? एक पेपर वाचताना

मे २०२२ मधला एक व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. फ्लोरिडातल्या रॉलिन्स कॉलेजचा पदवीदान समारंभ. एलिझाबेथ बॉन्कर ही विद्यार्थिनी व्यासपीठावर उभी आहे, भाषण चालू आहे, पण तिचे ओठ हलत नाहीत. भाषण तिने आधी टाइप केलंय आणि कॉम्प्युटरचा आवाज ते वाचून दाखवतोय. ती ऑटिस्टिक आहे, बोलत नाही, आणि त्या वर्षी कॉलेजात पहिल्या आलेल्या पाच जणांपैकी एक आहे. भाषण तिनेच करावं असं बाकीच्या चौघांनी ठरवलं होतं.

पाहताना माझा घसा दाटून आला. आणि दोन मिनिटांनी डोक्यात प्रश्न आला: ही टाइप करायला शिकली कशी, आणि शिकताना कीबोर्ड कुणाच्या हातात होता? मग स्वतःचीच लाज वाटली. कुणी पीएचडी करणाऱ्या बोलत्या माणसाला कधी विचारतं का, की तुझं वाक्य तुझंच कशावरून?

पण हा प्रश्न विचारावा लागतो. का, ते सांगते. आणि या विषयावरचा सगळ्यात जास्त हवाला दिला जाणारा एक पेपर तुमच्याबरोबर वाचते, कारण पेपर कसा वाचायचा हे शिकायला मला तरी याच्याइतकं चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. 'न बोलणारे ऑटिस्टिक विद्यार्थी' हा एकच गट नाही. जॉर्डिन झिमरमन घ्या. तिला टॅबलेटवरचं संवादाचं ॲप मिळालं ते वयाच्या १८ व्या वर्षी. तोवर शाळेने तिला काही कळत नाही असंच धरलं होतं. पुढे तिने ओहायो विद्यापीठातून पदवी आणि बॉस्टन कॉलेजमधून मास्टर्स केलं. ती टॅबलेट स्वतः वापरते, त्यामुळे तिच्या बाबतीत शब्द कुणाचे हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे प्रश्न इतकाच, की इतकी वर्षं साधन दिलं का नाही.

दुसरा गट आहे तो अक्षरांचा बोर्ड वापरणाऱ्यांचा. समोर आई किंवा प्रशिक्षित मदतनीस बोर्ड धरून बसते आणि मूल एकेका अक्षरावर बोट ठेवतं. यातल्या रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथडचं मूळ आपल्याकडचं आहे. सोमा मुखोपाध्याय यांनी आपल्या मुलाला, टिटोला, कर्नाटकात असताना अशा रीतीने शिकवलं. टिटोचं पहिलं पुस्तक २००० साली ब्रिटनमध्ये निघालं आणि पुढच्या वर्षी मायलेक अमेरिकेत गेले. बॉन्कर टाइप करायला शिकली ती सोमा यांच्याकडेच. एका आईने घरात, बहुतेक लोकांनी आशा सोडलेल्या मुलासाठी शोधून काढलेली पद्धत आहे ही. तिच्याबद्दल लिहिताना हे विसरून चालणार नाही.

आता प्रश्न का विचारावा लागतो ते. १९९० च्या सुमारास अमेरिकेत 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' नावाची याच्याच जवळची पद्धत ऑस्ट्रेलियातून आली. तिच्यात मदतनीस मुलाचा हात किंवा मनगट धरतो. पालकांना वाटलं, मूल पहिल्यांदा बोललं. मग १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात एक साधी चाचणी झाली. मुलाला एक चित्र दाखवायचं, मदतनिसाला वेगळंच, आणि काय दिसलं ते टाइप करायला सांगायचं. भाग घेणाऱ्या १२ जणांपैकी एकानेही अशा वेळी आपल्याला दिसलेल्या चित्राचं बरोबर नाव टाइप केलं नाही. मदतनिसाने पाहिलेल्या वस्तूंची नावं मात्र उमटली. यातले मदतनीस खोटारडे नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण फक्त आधार देतोय. त्याच काळात असा टाइप केलेला मजकूर पुरावा धरून काही पालकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, मुलं घरातून हलवली गेली, आणि नंतरच्या चाचण्यांत ते शब्द मुलांचे नव्हतेच असं निघालं.

'पण मदत करणाऱ्याला कळत कसं नाही?' हे मला बरीच वर्षं पटत नव्हतं. मग आठवलं. पदवीला असताना मी दोनदा एका दृष्टिहीन विद्यार्थ्याची लेखनिक म्हणून परीक्षेला बसले होते. तुम्हाला नियम माहीत असतील: लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, त्याने काहीही सुचवायचं नाही. मी एक शब्द सुचवला नाही, शपथेवर सांगते. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात तो म्हणाला, "ब." मी लिहायला गेले आणि माझं पेन क्षणभर थांबलं, कारण मला उत्तर 'क' वाटत होतं. तो लगेच म्हणाला, "नाही नाही, क लिही." त्याने पेनाचा आवाज थांबलेला ऐकला होता. असं किती वेळा झालं असेल, मला माहीत नाही. बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो आणि मी कुणाला काही बोलले नाही.

मानसशास्त्रात याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे बर्लिनचा हान्स नावाचा घोडा. १९०७ च्या सुमारास ऑस्कर फुंगस्ट यांनी दाखवलं की गणितं सोडवणारा हा घोडा समोरच्या माणसाच्या मानेची बारीक हालचाल पाहून टाप आपटणं थांबवतो. मालक फसवत नव्हता, त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. (मुलांची घोड्याशी तुलना करतेय असं समजू नका. तुलना आहे ती मालकाची, माझ्याशी आणि माझ्या पेनाशी.)

आता तो पेपर. विक्रम जसवाल आणि सहकारी, व्हर्जिनिया विद्यापीठ, 'सायंटिफिक रिपोर्ट्स', मे २०२०. बोर्ड वापरणारे नऊ न बोलणारे ऑटिस्टिक लोक, डोक्यावर नजर टिपणारा कॅमेरा, आणि त्यांनी आधी न ऐकलेले प्रश्न. निष्कर्ष असा: ते साधारण सेकंदाला एक अक्षर दाखवतात, स्पेलिंग क्वचितच चुकतात, आणि बहुतेक वेळा बोट पोचण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी नजर त्या अक्षरावर पोचलेली असते. शब्दांच्या सुरुवातीला आणि मध्ये लागणाऱ्या वेळाचा नमुनाही सराईत टाइप करणाऱ्यांसारखाच दिसला. म्हणून लेखक म्हणतात, मदतनिसाचे इशारे हे स्पष्टीकरण संभवत नाही.

या पेपरचं मला मनापासून आवडलेलं काय, ते आधी सांगते. 'यांना काही कळत नाही' असं गृहीत न धरता हे लोक अक्षर कसं निवडतात हे त्यांनी बारकाईने मोजलं. तीस वर्षांचा वाद फक्त 'खरं की खोटं' यावर अडकला होता. इथे कुणीतरी नजर, वेळ आणि बोट यांच्याकडे पाहिलं. आणि शेवटचं वाक्य नीट वाचा: मदतीने होणारा संवाद सरसकट फेटाळणं योग्य नाही, इतकंच ते म्हणतात. हा माफक दावा आहे. पेपर शेअर करणारे मात्र 'विज्ञानाने सिद्ध केलं' असं लिहून मोकळे होतात. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे दोन दावे वेगळे ठेवा.

माझी तक्रार डिझाइनवर आहे. बोर्ड टेबलावर ठेवलेला नव्हता, मदतनीसच तो समोर धरून होता. आणि प्रश्न मदतनिसालाही ऐकू येत होते. १९९३ च्या चाचणीत जी एकमेव गोष्ट निर्णायक होती, म्हणजे मदतनिसाला उत्तर माहीत नसणं, तीच इथे नाही. लेखक म्हणतात, इतक्या वेगाने इशारे पाळणं अवघड आहे. असेल. पण वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेल्या दोन माणसांमध्ये काय अवघड आणि काय सोपं, हे अंदाजाने ठरत नाही, ते तपासावं लागतं. अक्षरावर आधी नजर जाते यावरून माणूस अक्षर पाहून बोट ठेवतो एवढं कळतं. ते अक्षर मनात कुठून आलं, ते त्यावरून कळत नाही. आणि नऊ जण म्हणजे बोर्डावर आधीच सराईत असलेले नऊ जण. बोर्ड हाती देऊनही जमलं नाही अशी मुलं या सॅम्पलमध्ये येतच नाहीत.

याच गटाचा २०२४ चा पेपर मला जास्त पटला. त्यात ३१ जणांनी आयपॅडवर एकामागून एक उजळणाऱ्या अक्षरांवर टॅप केलं, आणि नुकत्याच ऐकलेल्या वाक्याच्या स्पेलिंगच्या क्रमाने अक्षरं उजळली तेव्हा त्यांचा हात जास्त जलद चालला. म्हणजे स्पेलिंग त्यांना कळतं याचा हा चांगला पुरावा. साक्षरता आहे हे कळलं, पण बोर्डावर येणारी वाक्यं कुणाची हे अजूनही वेगळंच राहतं. दुसऱ्या बाजूला, २०१९ मध्ये रॅपिड प्रॉम्प्टिंगवरचं संशोधन शिस्तीने धुंडाळणाऱ्या एका आढाव्याला निकषात बसणारा एकही अभ्यास सापडला नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या मुख्य संघटनेने ही पद्धत वापरू नये अशी भूमिका घेतली होती. 'पुरावा नाही' आणि 'खोटं आहे' यात फरक आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पुरावा गोळा करायची जबाबदारी पद्धत शिकवणाऱ्यांची असते, मुलाच्या आईची नव्हे.

आणि इथे मला टीकाकारांचंही खटकतं. त्यांचं लिखाण वाचलं की आई म्हणजे प्रयोगातला एक अडथळा, काढून टाकायचा घटक. माझ्या एका सेमिनारमध्ये मीही स्लाइडवर 'कुटुंब: गोंधळ निर्माण करणारा चल' असं लिहिलं होतं, आणि कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते सगळ्यांना स्वाभाविक वाटलं. पण डी. जे. सावरीज २०१७ मध्ये ओबर्लिन कॉलेजमधून पदवीधर झाला, तो त्याला दत्तक घेतलेल्या आईवडिलांनी सर्वसाधारण शाळेसाठी वर्षानुवर्षं भांडल्यामुळे. झिमरमनच्या बाबतीतही शाळेशी भांडणारं कुणी नसतं तर टॅबलेट आलाच नसता. कॉलेजच्या दारापर्यंत पोचवणारा दुसरा कुणी नाही. तो 'चल' काढून टाका, सॅम्पलच उरत नाही.

मग करायचं काय? मला स्वतःला सुचतं ते असं. चाचणी परीक्षेसारखी नको. मदतनीस खोलीबाहेर असताना दिवसात काहीतरी घडू द्या, जेवणात वेगळा पदार्थ, दारात आलेला अनोळखी पाहुणा. संध्याकाळी मदतनीस बोर्ड धरेल तेव्हा विचारा, आज काय झालं? घाई नको, अनेक दिवस, अनेकदा, आणि चुकलं तरी कुणाचा बोर्ड काढून घ्यायचा नाही. ही अट आधीच लेखी हवी, कारण आजवर लोक चाचणीला नाही म्हणतात ते बरेचसं याच भीतीने.

हा आराखडा मी माझ्या गाइडना दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला, मान डोलावली आणि संमतिपत्राच्या पानावर बोट ठेवलं. भाग घेणारी व्यक्ती सज्ञान आहे, तिची संमती तिच्याकडूनच घ्यायला हवी. "घेणार कशी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बोर्डावर. "आणि बोर्ड कोण धरणार?"

ते पान अजून कोरंच आहे.