कालची बेरीज, उद्याची ओढ

रस्त्याच्या कडेला उभे राहून सायकलींची शर्यत पाहणाऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष शर्यत किती येते? रस्ता सपाट असला आणि घोळका एकसंध असला, तर जेमतेम अर्धा मिनिट. आधी मोटारसायकली जातात, मग पंचांची गाडी, मग क्षणभर मोकळा रस्ता. आणि त्या मोकळेपणातच एक नाद आधी कानांना आणि मग डोळ्यांना गाठतो. इंजिनाचा लवलेश नसलेला तो नाद नीट ऐकावा. डांबरावरून धावणाऱ्या पातळ टायरांची घरघर, चेनची सरसर, मधूनच कुणी गिअर बदलल्याची खटकन उमटलेली खूण आणि या सगळ्यांच्या तळाशी माणसांचा श्वास. ‘आले, आले!’ म्हणेपर्यंत रंग डोळ्यांपुढून निघूनही जातात. तरी आपण दोन तास आधीपासून उन्हात उभे असतो आणि घरी परतताना काही कमी मिळाल्याची रुखरुख मनात नसते. या समाधानाचे मूळ शोधण्यातच टप्प्यांच्या शर्यतीचा रस आहे.

2026 च्या जानेवारीत, 19 ते 23 या तारखांना, पुणे ग्रँड टूरने हा रस आपल्या दारात आणला. नांदी म्हणून शहरातली छोटी फेरी, तिच्यामागून चार टप्पे, मिळून सुमारे 437 किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या 2.2 श्रेणीची ही शर्यत. त्यातला पहिला 2 हा आकडा शर्यत एका दिवसात संपणारी नाही, एवढेच सांगतो. पण रसिकाला तेवढे पुरते. तिसरा टप्पा पुरंदरहून बारामतीकडे आला, सुमारे 134 किलोमीटरांचा, सर्वांत लांब. घाटमाथ्याच्या सावलीतून सुटून पर्जन्यछायेच्या उघड्या मुलखात उतरणारा हा प्रवास नकाशावर साधासरळ वाटतो. डोंगर मागे पडले म्हणजे चुरस संपली, असा नवख्या प्रेक्षकाचा समज होतो. जाणत्याचे कान मात्र तिथेच टवकारतात, कारण डोंगर संपतो तिथे वाऱ्याचे राज्य सुरू होते.

वाऱ्याचे हे नाट्य जवळून पाहण्याजोगे असते. पुढच्या स्वाराच्या आडोशाला राहणाऱ्याचे श्रम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाचतात. म्हणून तर परस्परांचे प्रतिस्पर्धी एकमेकांच्या चाकाला चाक भिडवून चालतात. वारा आडवा सुटला की आडोसा मागे न मिळता बाजूला मिळू लागतो आणि घोळक्याची सरळ रांग आपोआप तिरकी होते. प्रत्येक जण पुढच्याच्या किंचित मागे, किंचित बाजूला. अग्रभागी असलेला थोडा वेळ वारा अंगावर घेतो आणि मागे सरकतो, दुसरा त्याची जागा घेतो. पण रस्त्याला रुंदी असते. तिरक्या रांगेत मावले ते तरले. उरलेले कडेच्या मुरमाला लागून, आडोशाविना एकामागोमाग ताणले जातात आणि कुठेतरी, कुणाच्या तरी चाकापुढे, हातभर अंतर पडते. ते हातभर अंतर म्हणजे त्या दिवसाचा सारा इतिहास. माळ कितीही सपाट दिसो, या खेळात त्याला त्याचे अदृश्य चढ असतात.

आणि इथे आपण या शर्यतीच्या अंतरंगात, तिच्या गणितात शिरतो. घोळक्यातून एकत्र आलेल्या सर्वांना, पहिला असो की शंभरावा, एकच वेळ मिळते. सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरांत कुणी पडले, तर त्याला तो ज्यांच्यासोबत होता त्यांचीच वेळ देतात. अंतिम रेषेवर पहिल्या तिघांना अनुक्रमे दहा, सहा आणि चार सेकंदांची सूट मिळते. रोजची वेळ मागच्या दिवसांच्या वेळेत मिळवली जाते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो अग्रणी. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता अख्खी शर्यत जिंकता येते. 1989 च्या तूर द फ्रान्समध्ये तीन हजारांहून अधिक किलोमीटर धावून झाल्यावर ग्रेग लेमाँड आणि लोराँ फिन्याँ यांच्यात अवघ्या आठ सेकंदांचे अंतर उरले. आठ सेकंद! ते कुठल्या दिवशी, कुठल्या वळणावर सांडले असतील, याचा शोध रसिक आजही आनंदाने घेतात. एकदिवसीय शर्यतीत चूक झाली की विषय संपतो. इथे ती उद्यावर उधार राहते. प्रत्येक सकाळी स्वार कालचा थकवा, कालचे खरचटणे आणि कालचे कमावलेले सेकंद घेऊन उभा राहतो, आणि आपणही कालचे सारे आठवत त्याला पाहतो. म्हणूनच तो अर्धा मिनिट तोकडा नसतो. त्याच्यामागे दिवसांची साठवण असते.

आता एकाच स्वाराकडे पाहू. तो जिंकणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तो मुद्दाम मागे पडतो, संघाच्या गाडीशी येतो, खिडकीतून एकेक बाटली घेतो. पाठीचे तिन्ही खिसे भरले की उरलेल्या बाटल्या जर्सीच्या गळ्यातून आत सोडतो. मग हे ओझे घेऊन, ज्या घोळक्याचा वेग एरवीच जीव काढतो त्याला गाठून, त्याच्या कडेकडेने पुढे सरकत आपल्या साथीदारांना पाणी पोचवतो. निकालपत्रकात या कामाला रकाना नाही. लग्नघरात पंगतीला शेवटपर्यंत वाढत राहणाऱ्या माणसासारखा तो. त्याच्यावाचून सोहळा पार पडत नाही. एकदा का आपली नजर अशा स्वारावर स्थिरावली, की अग्रणीची पिवळी जर्सीही अधिक उजळ दिसू लागते, कारण तिच्या धाग्यांत कुणाकुणाचा घाम आहे हे आपल्याला कळलेले असते.

माउंटन बाइकच्या टप्प्यांच्या काही शर्यतींत हीच सोबत नियमाचेच रूप घेते. 2004 पासून दक्षिण आफ्रिकेत होणाऱ्या केप एपिकमध्ये आठ दिवस जोडीने धावायचे असते. दोघांत दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये आणि जोडीची वेळ मागच्या भिडूने रेषा ओलांडली की धरली जाते. किती सुंदर अट! बलवानाचे बल इथे मोजलेच जात नाही. मोजली जाते ती त्याची थांबण्याची तयारी. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ रानात, चिंकारांच्या त्या मुलखात, मुरमाची वाट आणि बाभळीचा काटा ज्याने ओळखला आहे, त्याला या अटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जाड टायरातही काटा शिरतो. पुढे गेलेला सोबती मान वळवतो, सायकल आडवी टाकतो आणि पंप काढतो. त्या दिवसाचा तोच पराक्रम.

बारामती-इंदापूरच्या माणसांना मुक्कामामुक्कामाने सरकणाऱ्या प्रवासाचे प्रेम शिकवावे लागत नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच मुलखातून पंढरीला जाते. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो, पालखीभोवती मेंढ्या धावून रिंगण धरतात. बेलवडीला आणि इंदापूरला गोल रिंगणात अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. वारीत घड्याळ नाही, चुरस नाही, पहिला-शेवटचा नाही; तिची शर्यतीशी तुलना करूच नये. पण रस्त्याकडेला उभे राहून, जाणाऱ्याच्या श्रमात मनाने सामील होण्याची जी रीत आहे, ती या मातीने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. पाहणे हीदेखील एक सेवा असू शकते, हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. म्हणून तिसऱ्या टप्प्याच्या स्वारांसाठी हा मुलूख परका असला, तरी प्रेक्षक मात्र मुरलेले होते.

पुढची टप्प्यांची शर्यत जवळ आली, की रसिकाने एक करून पाहावे. पहिल्या दिवशीच्या निकालात साठाव्या स्थानाच्या आसपासचा कुणीही एक स्वार निवडावा. पाठीवरचा त्याचा क्रमांक अखेरपर्यंत बदलत नाही. तो लक्षात ठेवावा. रोज संध्याकाळी त्याची बेरीज पाहावी, घाटात तो किती गमावतो, माळावर किती सावरतो, कुणासाठी मागे राहतो, याचा अंदाज बांधावा. शेवटच्या दिवशी तो एकसष्टावरून अठ्ठावन्नावर आला, तर त्या तीन स्थानांचे अप्रूप जगात मोजक्याच माणसांना वाटेल: त्याच्या संघाला, त्याच्या घरच्यांना आणि आपल्याला. विजेत्याचा आनंद सगळ्या गावाचा असतो. हा आनंद मात्र दिवसांमागून दिवस बेरीज करत आपण स्वतः कमावलेला असतो.