वीतभर जास्त रुंद

‘व्हॉन रायन्स एक्स्प्रेस’ (१९६५) या युद्धपटाचा शेवट स्वित्झर्लंडच्या वेशीवर घडतो. इटलीतून जर्मनीकडे निघालेली युद्धकैद्यांची गाडी कैद्यांनीच पळवली आहे. मागे जर्मन, वर विमानं, पुढे आल्प्स. अशा वेळी नजर रायन झालेल्या फ्रँक सिनात्रावरून काढून खाली रुळांवर न्यावी. दोन रुळांमधलं अंतर ओळखीचं वाटतं, आणि ते वाटणारच. इटलीत हे अंतर १,४३५ मिलिमीटर. इथे ते वीतभर जास्त आहे, कारण दिग्दर्शक मार्क रॉबसन यांनी हा भाग स्पेनमध्ये, मालागा प्रांतातल्या एल चोरोच्या घळीत चित्रित केला. स्पेनचं ब्रॉडगेज १,६६८ मिलिमीटर, आपलं १,६७६. इटलीतलं इंजिन या रुळांवर उभंसुद्धा राहिलं नसतं. (विमानंही लढाऊ नव्हेत, साधी मेसरश्मिट १०८ आहेत, पण तो शोध विमानवेड्यांनी लावावा.)

एवढं कळल्यावर प्रसंग फसवा वाटायला हवा. माझ्या लेखी तो उलट जास्त रंगतो, कारण देश खोटा असला तरी रेल्वे खरी आहे. कड्यातून बोगदा निघतो, बोगद्यातून बाहेर पडावं तर दरीवरचा पूल, आणि पूल संपतो न संपतो तोच पुन्हा कडा. रस्त्यावरच्या पाठलागात गल्लीबोळ असतात, इथे डावं-उजवं काही नाही. म्हणूनच विमानांच्या माऱ्यात रूळ उखडतो तेव्हा बंदुकीपेक्षा पहार महत्त्वाची ठरते. गोळ्यांच्या वर्षावात हे सैनिक चक्क गँगमन होतात. लोखंड जड आहे, घाई करून हलकं होत नाही, आणि रॉबसन ती मेहनत कापून टाकत नाहीत.

मग रायनची धाव. गाडी फारशी वेगात नाही, सपाट रस्ता असता तर त्याने सहज गाठली असती. पण रुळांमधून धावून पाहिलंय कधी? एका स्लीपरवर पाऊल टाकावं तर पाऊल तोकडं पडतं, दोन गाठायला जावं तर ढांग फार लांब होते, आणि मधल्या खडीत घोटा मुरगळतो. पुढे आलेला हात आणि धावणारा माणूस यांच्यातलं अंतर त्यामुळे कमीच होत नाही, आणि गोळी मागून येते.

डेव्हिड वेस्टहाइमर यांच्या मूळ कादंबरीत रायन जगतो. पडद्यावर तो जगला असता, तर मला ते पटलं नसतं.